बाजूला काढलेला ताव

पावणेसात. खेरवाडीच्या अलीकडचं फाटक.
ऊन अजून निफाडपर्यंतच आलंय.
चाक फिरवून दांडा खाली आणत सुभान पिंजारी सांगतो,
"आधी लाल येईल मॅडम, मग कोळसा, मग कांदा."
गाड्यांना तो रंगानं ओळखतो, नाहीतर मालानं.
नावं पाटीवर असतात, म्हणतो,
पळती पाटी कोण वाचतं?

ट्रायपॉडचा तिसरा पाय मी दगडावर टेकवते.
थंडी अशी की काचेवर माझाच श्वास बसतो.
समोर द्राक्षबाग: अँगल, तार, अँगल, तार,
घडांना गुंडाळलेले जुन्या वर्तमानपत्रांचे कागद.
तिच्यामागं रुळांवरचे विजेचे खांब,
पुन्हा अँगल, पुन्हा तार.
कुणी कुणाची नक्कल केली, ठरवता येत नाही.
दोन पावलं डावीकडं सरकलं
की दोन्ही रांगा एकाच टोकाकडं धावत सुटतात.

आधी रेघ, मग रंग.
हे मला कुठल्या वर्गात नाही शिकवलं.
जेल रोडला आमच्या भिंतीला भिंत लावून
बंडूनाना ताजनपुरे राहायचे.
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं ताव तपासले,
आणि महिनाअखेरीला दूधवाल्याला म्हणायचे, परवा ये.
ताव उचलायचा, तिरपा धरायचा,
नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सोडायची.
"वाचायचं नाही. वाचलं की चूक निसटते.
नजर नुसती ओतायची,
खडा असला तर लागतोच."
घरीही तेच. काकूंच्या नव्या लुगड्याच्या काठावर बोट ठेवून,
"इथं एक कुयरी उलटी आहे."
असायची.

पहिला फोटो मी त्यांनाच दाखवला.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.
एकोणसाठ वाघिणी, विटकरी,
फूटपट्टीनं आखल्यासारख्या, एका मापाच्या,
प्रत्येकीची सावली पुढचीच्या अंगावर तेवढीच.
मला वाटलं, आता शाबासकी.
त्यांनी तिरपा धरला. "पास," म्हणाले
आणि परत दिला.
घरी आल्यावर कळलं, पास म्हणजे काय:
ज्यात काही सापडत नाही तो ताव पुढं जातो,
आणि पुन्हा कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही.

त्या दिवसापासून मी अशी उभी असते.
लाल येते, जाते. खिडकी, खिडकी, खिडकी.
बोट बटणावर, पण दाबत नाही.
सुभानला हे पटत नाही.
"गेली ना हो चांगली!"

मग कोळशाची, रिकामी, खडखडत.
मी मोजत नाही, ओतते.
विटकरी, विटकरी, विटकरी, विटकरी,
आणि एक,
कुठल्याशा यार्डात पावसाळाभर विसरलेली असणार,
काठावरच्या कोळशाच्या चिखलात
वीतभर गवत, पोपटी,
वाऱ्यानं सपाट आडवं झालेलं, तरी धरून.
एवढंच. बोटाला माझ्याआधी कळलं.

नाना आता सिन्नर फाट्याला, मुलाकडं.
दोन्ही डोळे करून आणलेत, सगळं जास्तच पांढरं दिसतं म्हणतात.
फोटो तिरपा धरला. नखानं गवत दाखवलं.
"हा बाजूला काढ."
एकतीस वर्षांत याहून मोठा शब्द
त्यांच्यापाशी नव्हता.

मी फोटो घ्यायला हात पुढं केला.
त्यांनी सोडला नाही.
नजर अजून उतरत होती, खाली, डाव्या कोपऱ्याकडं.
"आणि हा?"
हिरवं निशाण घेतलेला सुभान, कानटोपी,
अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर.
खांब, तारा, रूळ, वाघिणी, सगळं तिकडं चाललेलं,
आणि हा एकटा इकडं बघतोय,
मी फोटो काढते की नाही ते.

मी तो कोपरा कापणार होते.